सोलापुरातल्या जुन्या टॉकीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे आजोबा सोलापुरात एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, जवळजवळ चाळीस वर्षं. त्यामुळे जुन्या थेटरांचा विषय निघाला की लोक मला फोन करतात, लग्नकार्यात गाठून विचारतात, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. आजोबांच्या टॉकीजचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, मालकांच्या घरच्यांना अजून विचारायचंय.

सोलापुरातलं एकदम पहिलं थेटर कुठलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि प्रत्येकाला एक नाव, एक साल हवं असतं. पण आधी "पहिलं" म्हणजे काय ते ठरवा. पहिला तंबू, की नाटकाच्या थेटरात पहिल्यांदा पडदा बांधून दाखवला ते, की खास सिनेमासाठी बांधलेली पक्की इमारत? आपल्याकडच्या बहुतेक गावांत सिनेमा याच क्रमाने आला आणि या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन घरांत "आमचंच पहिलं" म्हणून वाद चालू असतो तेव्हा बऱ्याचदा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, एक तंबूचं सांगत असतो आणि दुसरा इमारतीचं.

मुंबईचं सांगायचं तर ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं दाखवली गेली, आणि ३ मे १९१३ ला फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र कॉरोनेशनमध्ये लागला. आपलं सोलापूर मुंबई-मद्रास रेल्वेलाईनवरचं गाव, त्यात गिरण्यांमुळे लोकांच्या हातात रोख पैसा, त्यामुळे मशीन आणि रिळांच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्याला इथे उतरणं सोपं आणि फायद्याचं होतं.

तंबूतला सिनेमा म्हणजे नक्की काय असायचं?

मोठा कनातीचा तंबू, आत जमिनीवर बसायचं, मागे थोड्या खुर्च्या. मधे किंवा एका टोकाला पांढरा पडदा. पडदा मधे असला की अर्धी जनता पलीकडून बघायची, तिकडून सगळं उलटं दिसायचं, अक्षरंसुद्धा उलटी, म्हणून तिकडचं तिकीट स्वस्त. पडदा ओला करून घ्यायचे कारण ओल्या कापडातून उजेड जास्त आरपार जातो. मशीन हाताने फिरवायचं, एका हाताचं काम, आणि हात सगळा वेळ एका लयीत चालला पाहिजे नाहीतर पडद्यावरचा माणूस मधेच पळायला लागतो.

आजोबांचे उस्ताद (ते त्यांना उस्तादच म्हणायचे, नाव क्वचित घ्यायचे) तंबूतून आलेले. ते सांगायचे की गड्ड्याच्या यात्रेत (आपल्या सिद्धेश्वराची जत्रा) होम मैदानाकडून माणसांचा लोंढा सुटला की खेळ किती झाले ते मोजायचंच नाही, तंबू भरला की चालू, संपला की रिकामा करा, परत भरला की परत चालू. त्यांच्या उजव्या मनगटाला कायमचा गाठीसारखा फुगवटा होता. आजोबा मला तो आपल्या मनगटावर बोट ठेवून दाखवायचे, हितं, असा.

मूकपट होते तर लोकांना गोष्ट कळायची कशी?

एक तर गोष्टी माहितीच्या असायच्या. हरिश्चंद्र, कृष्ण, लंकादहन, कीर्तनात ऐकलेलं सगळं. मधेमधे पडद्यावर मजकुराच्या पाट्या यायच्या आणि पाटी आली की वाचता येणारा मोठ्याने वाचायचा. सोलापुरात यात आणखी एक पायरी होती असं उस्ताद सांगायचे. एक जण पाटी वाचणार, शेजारचा ती तेलुगूत सांगणार, त्याच्या पलीकडचा कन्नडमध्ये, आणि मागून कुणीतरी दखनीत विचारणार की क्या बोल्या रे. म्हणजे मूकपट चालू असताना थेटर काही मुकं नसायचं. पडद्यापुढे पेटी आणि तबलावाले बसायचे, मारामारीला तबला, रडायला पेटी.

बोलपट आल्यावर काय काय बदललं?

आलम आरा १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकमध्ये लागला. सोलापूरकरांनी ही तारीख आणखी एका तारखेच्या शेजारी ठेवून बघावी असं मला मनापासून वाटतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आपल्या चार हुतात्म्यांना फाशी झाली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. आधीच्या वर्षी मे महिन्यात गावात मार्शल लॉ होता. तिकडे मुंबईत पडदा बोलायला लागला तेव्हा इकडे त्या फाशीला दोन महिनेच झाले होते. सिनेमाच्या इतिहासात ही दोन पानं कोणी एकत्र लावत नाही, पण त्या वर्षी तिकिटाच्या रांगेत उभी असलेली माणसं तीच होती ना.

पुढच्याच वर्षी, १९३२ ला, प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा आला, पहिला मराठी बोलपट. मग थेटरवाल्यांची धावपळ. पेटी-तबलावाले घरी गेले. हाताने फिरवायचं मशीन चालेना, कारण आवाज फिल्मच्याच कडेला पट्टीसारखा छापलेला असतो आणि फिल्म सेकंदाला बरोबर २४ चित्रं या वेगाने गेली नाही तर आवाज चिरका नाहीतर जाडा येतो, म्हणून मोटर आली. मोटर आली म्हणजे भरवशाची वीज हवी. पडद्यामागे मोठे कर्णे बसले आणि पडद्याला बारीक बारीक भोकं पाडलेली असायची, आवाज बाहेर यावा म्हणून. भिंतींना जाड पडदे लावले कारण नाहीतर आवाज घुमायचा. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात काय ऐकू येत असेल ते तुम्हीच बघा. आणि नाव बदललं, थेटरच्या पाटीवर टॉकीज आलं, जे आपण अजून सोडलेलं नाही.

सोलापुरात एवढ्या टॉकीज चालल्या कशा?

गिरण्या. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग म्हणजे आपली जुनी मिल, नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. शिवाय पूर्व भागात साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, घरोघर माग. एवढी माणसं महिन्याच्या ठराविक दिवशी रोख पगार घेऊन बाहेर पडतात हे दुसऱ्या गावांत कुठे होतं?

आजोबा म्हणायचे की आमचा मॅनेजर घड्याळ बघायचा नाही, भोंगा ऐकायचा. पाळी सुटली की माणूस घरी जाणार, तोंड धुणार, भाकरी खाणार, निघणार, एवढा हिशोब धरून शो चालू व्हायचा आणि भोंगा उशिरा झाला तर जाहिरातीच्या स्लाइडी जास्त वेळ फिरायच्या. रात्रपाळीवाल्यांसाठी दुपारचा खेळ, त्यातले निम्मे पंख्याखाली येऊन झोपायचे, आणि डोअरकीपर त्यांना उठवायचा नाही. एकदा मी विचारलं, उठवत का नव्हते ओ? तर आजोबा म्हणाले, "त्याला घरात दहा माणसांत झोपाय मिळंना म्हणून तर आला की तो. तिकीट काढलंय, झोपू दे." मला हे वाक्य फार आवडतं. थेटरचा इतिहास म्हणून लोक मालकाचा फोटो आणि उद्घाटनाची पत्रिका दाखवतात, ती जपून ठेवावीच, पण त्या झोपलेल्या साचेवाल्याशिवाय, म्हणजे माग चालवणाऱ्या गिरणी कामगाराशिवाय, तो इतिहास अर्धा आहे.

पगाराच्या आठवड्यात हाऊसफुल्लचा बोर्ड, महिनाअखेरीला जुना पौराणिक किंवा स्टंटपट रिपीट. गिरणीत संप झाला की टॉकीजचा गल्ला दुसऱ्याच दिवशी पडायचा. गिरणी आणि टॉकीज एकाच खिशावर चालायच्या.

तेलुगू आणि कन्नड सिनेमे कधीपासून लागतात?

भक्त प्रह्लाद हा तेलुगूतला पहिला बोलपट १९३२ चा आणि कन्नडमधला सती सुलोचना १९३४ चा. इथल्या पद्मशाली विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, त्यामुळे आपल्याकडे दाक्षिणात्य पिक्चर ही काही ओटीटीने आणलेली नवलाई नाही. आजोबांना तेलुगू बोलता यायचं नाही पण डायलॉग पाठ होते, शेजारच्या अण्णांना ते म्हणून दाखवायचे आणि अण्णा उच्चार सुधारून द्यायचे.

तिकिटं कशी असायची, बसायची सोय कशी असायची?

पातळ रंगीत कागदाची, वर्गाप्रमाणे रंग वेगळा. पुढे पिट, जमिनीवर किंवा बाकांवर, मग खुर्च्या, वर बाल्कनी. म्हणजे नाटकाच्या उलट. नाटकाला पुढची खुर्ची महाग, सिनेमाला पुढची स्वस्त. मुंबई इलाख्यात १९२३ ला करमणूक कराचा कायदा आला आणि तिकिटावर सरकारी स्टँप लागायला लागला. जुन्या पेटीत कोणाला असं स्टँपवालं तिकीट सापडलं तर फेकू नका, कर बदलत गेलेला असतो आणि त्यावरून तिकीट कुठल्या काळातलं हे बऱ्यापैकी सांगता येतं.

बायका सिनेमाला जायच्या का?

जायच्या, भरपूर. स्त्रियांची बसायची सोय वेगळी अशी ओळ जुन्या हँडबिलांवर हमखास असते. माझी आजी बायकांच्या बाजूला बसायची आणि तिच्या शेजारी विडी वळणाऱ्या बायका असायच्या, विड्या देऊन त्याच दिवशी पैसे हातात आलेल्या, तंबाखूचा वास साडीला तसाच. आजी म्हणायची त्या सगळ्यात आधी रडायच्या आणि सगळ्यात मोठ्याने. घरातल्या कोणाला न विचारता स्वतःच्या पैशाने तिकीट काढणाऱ्या बायका तिने पहिल्यांदा तिथे पाहिल्या, हे ती मला कितीतरी वेळा सांगायची.

केबिनमध्ये काय चालायचं?

इथे थोडं लांबेल.

केबिन म्हणजे बाल्कनीच्या मागची खोली, लोखंडी दार, भिंतीला छोट्या खिडक्या, दोन मशीनच्या आणि ऑपरेटरने बघायच्या. मी सहा-सात वर्षांची असताना आजोबांचा डबा घेऊन जायचे. आत शिरलं की पहिली धग लागायची. दिवा म्हणजे बल्ब नव्हता, कार्बन असायचा, दोन कांड्या टोकाला टोक लावून मग किंचित लांब करायच्या की मधे पांढराशुभ्र जाळ पेटतो, वेल्डिंगसारखा, नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. कांड्या जळत जातात म्हणून मधलं अंतर वाढतं, वाढलं की उजेड पिवळा पडतो आणि खालून ओरडा होतो. त्यामुळे आजोबा भाकरीचा घास एका हातात आणि दुसरा हात दिव्याच्या मुठीवर, असे जेवायचे. शेंगाचटणी डाव्या हाताला लागली तर ती पुसून मगच मशीनला हात.

१,००० फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. १५,००० फुटांचा पिक्चर म्हणजे पावणेतीन तास. म्हणून दोन मशीन, एकावर चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की फटकन बदल. खाली बसलेल्या माणसाला काही कळता कामा नये. तुम्ही लहानपणी तो ठिपका पाहिला असेल आणि फिल्म खराब आहे असं वाटलं असेल. तो ऑपरेटरसाठी होता. माझे आजोबा म्हातारपणी टीव्हीवर जुना पिक्चर बघताना तो ठिपका दिसला की त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला जायचा.

उरलेले कार्बनचे तुकडे आम्हाला मिळायचे, वरून तांब्याचा पातळ मुलामा असलेले. फरशीवर छान लिहिता यायचं. आणि तुटलेल्या फिल्मचे कापलेले तुकडे. बल्बमधली तार काढून पाणी भरायचं, आरशाने उन्हाचा कवडसा आत घ्यायचा, मधे फिल्मचा तुकडा धरायचा, की समोरच्या भिंतीवर चित्र. गल्लीतल्या पोरांकडून आम्ही एक चिंचोका तिकीट घ्यायचो.

जुन्या थेटरांना आगी लागायच्या म्हणतात, खरं का?

खरं. १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असायची, ती एकदा पेटली की पाण्याने किंवा वाळूनेही विझत नाही, जळायला लागणारा प्राणवायू तिच्या आतच असतो. आणि तीच फिल्म त्या कार्बनच्या जाळासमोरून जायची. म्हणून १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून थेटरला परवाना आणि केबिनला न जळणारं बांधकाम हे सक्तीचं झालं. खिडक्यांवर लोखंडी झडपा असायच्या, आग लागली की त्या पडतात आणि धूर खाली जात नाही. झडप पडली म्हणजे प्रेक्षक वाचला, आत ऑपरेटर. आजोबांच्या हाताखालचे लोक पुढे सेफ्टी फिल्मवर (सहज न पेटणाऱ्या) आरामात विड्या ओढायचे पण आजोबांनी केबिनमध्ये आयुष्यात काडी पेटवली नाही, आणि कोणी पेटवलीच तर चिडायचे, खरंच चिडायचे.

एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची, हे कसं जमायचं?

सायकलवर. प्रिंटचे पैसे वाचवायला डिस्ट्रिब्युटर हे करायचा. एका टॉकीजला शो अर्धा-पाऊण तास आधी चालू, तिथली रिळं संपतील तशी पोरगा पेटी कॅरेजला बांधून दुसरीकडे पळवणार. एकदा आमच्याकडे इंटरव्हलनंतरचं रीळ आलंच नाही. सायकल पंक्चर, पोरगा पेटी डोक्यावर घेऊन पळत येतोय, आणि इकडे पब्लिक खुर्च्या बडवतंय. आजोबांनी मग आधीचं गाण्याचं रीळ परत लावलं. लोक शांत, वन्स मोअर समजून खूश. पोरगा पोचला तेव्हा त्याच्या कानामागून घाम गळत होता आणि आजोबांनी आधी त्याला पाणी दिलं, मग पेटी उघडली. हे सांगताना आजोबा त्या पोराच्या धावण्याचंच कौतुक करायचे.

पिक्चरच्या आधी सरकारी बातमीपट का दाखवायचे?

१९४८ ला फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, त्यांचे माहितीपट आणि बातमीपट दाखवणं थेटरांना बंधनकारक होतं. आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर बरीच वर्षं खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लागायचं.

भागवत टॉकीजबद्दल काहीच नाही लिहिलं?

लिहिते. भागवत म्हणजे एकाच आवारात एकापेक्षा जास्त थेटरं, चित्रमंदिर, उमामंदिर वगैरे, मल्टिप्लेक्स हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी. एकाचं तिकीट मिळालं नाही तर शेजारच्याचं काढायचं, घरी परत कशाला जायचं. भागवत, प्रभात, मीना, आशा, गेंट्याल, प्रत्येकाचा स्वतंत्र इतिहास लिहिण्यासारखा आहे आणि तो त्या त्या ठिकाणी काम केलेल्या माणसांनी लिहावा असं मला वाटतं.

सिनेमाच्या इतिहासात सोलापूरचं नाव अजून कुठे येतं?

अभिनेत्री शशिकला सोलापूरच्या. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९१० चा जन्म, त्यांच्यावर व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंनी १९४६ ला चित्रपट काढला आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं. आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे.

मग टॉकीज बंद का पडल्या?

टीव्ही, व्हिडीओ, केबल, मोबाईल, हे सगळे सांगतात आणि बरोबरच आहे. सोलापुरात त्याच्या जोडीला गिरण्या बंद पडल्या. भोंगा थांबला तसा दुपारचा खेळ रिकामा जायला लागला. नंतर फिल्म गेली, डिजिटल आलं, रीळ लावणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही.

आमच्या भागातल्या जुन्या टॉकीजचा इतिहास शोधायचाय, सुरुवात कुठून करू?

माणसांपासून, आणि या महिन्यातच. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंगवाला, पोस्टर चिकटवणारा, बाहेर शेंगदाणे विकणारा. "टॉकीजचा इतिहास सांगा" असं विचारलं तर ते मालकाचं नाव सांगून गप्प बसतील. त्याऐवजी विचारा की पगार किती होता, जेवायचे कुठे, सगळ्यात जास्त दिवस कुठला पिक्चर लागला, दंगा कधी झाला. फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन.

मग कागद. जागेचं सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, महापालिकेची जुनी कर आकारणी, कलेक्टर ऑफिसमधली परवान्याची फाईल (१९५३ चा मुंबई सिनेमा नियमन कायदा आणि १९६६ चे महाराष्ट्राचे नियम, या नावाने विचारा, म्हणजे क्लार्कला कळतं). वाचनालयातले जुने पेपर, हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरुवात करा, आणि दैनिक संचारच्या जुन्या फायली. पेपरात बातमी शोधू नका, जाहिरात शोधा, टॉकीजची बातमी क्वचित येते पण जाहिरात रोज असते. पहिली जाहिरात सापडली की सालाचा अंदाज आला. पुण्यात फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं, तिथे पोस्टर आणि जुनी मासिकं बघायला मिळतात.

तुमच्या आजोबांच्या केबिनचं काय झालं?

मशीन भंगारात वजनावर गेली, सिम्प्लेक्स होत्या दोन्ही. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवशी जे डोअरकीपर काका कुलूप लावायला होते त्यांनी केबिनमधून एक वस्तू उचलून घरी नेली होती आणि दोन वर्षांनी मला आणून दिली, रीळ गुंडाळायच्या टेबलाची हाताने फिरवायची मूठ. लाकूड एका बाजूने झिजलेलं आहे. माझा हात त्या खळग्यात बसत नाही, आजोबांचा पंजा मोठा होता.